फोनवरची परीक्षा
एप्रिलच्या त्या सकाळी फोन वाजला तेव्हा मदतीला येणारी टेंडाई नुकतीच निघून गेली होती आणि नोरीन टॅटरसॉल टोस्टला लोणी लावत होती. फोन पाच मिनिटं आधी आला असता तर पुढचं महाभारत घडलंच नसतं.

फोनवर गावच्या कौन्सिलमधली, कुणाला घरी किती मदत द्यायची ते ठरवणारी बाई होती, मिसेस लिडगेट. आवाज गोड, पण घाईतला. करोनामुळे घरी येता येत नाही, फोनवरच चार प्रश्न विचारते, म्हणाली.

"स्वयंपाक स्वतः करता का?"

"हो."

"गोळ्या स्वतःच्या स्वतः घेता?"

"हो."

"दुकानात एकट्या जाता?"

"हो."

"म्हणजे एकंदरीत तुमचं बरं चाललंय?"

"हो, थँक यू. तुमचं?"

नोरीन अठ्ठावन्न वर्षांची. कुठलीही गोष्ट समजायला तिला जन्मापासूनच इतरांपेक्षा जास्त वेळ लागायचा. वाचता यायचं ते बसचे नंबर आणि स्वतःचं नाव. अशा मुलांना त्या काळी गावाबाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन ठेवायचे. आजार नाही, बिजार नाही, तरी ठेवायचे. नोरीन आत गेली सहाव्या वर्षी आणि बाहेर आली तेहतिसाव्या. तिथे ती एकच गोष्ट पक्की शिकली, विचारलं की 'हो' म्हणायचं. 'हो' म्हटलं की पुडिंग, 'नाही' म्हटलं की दिवसभर खाटेवर. सत्तावीस वर्षं हेच घोकून घेतल्यावर आणखी काय होणार, कप्पाळ?

आता अकरा वर्षं ती स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहत होती. पडदे तिने निवडलेले, दाराची किल्ली तिच्या गळ्यात. मूळची झिम्बाब्वेची टेंडाई रोज सकाळ-संध्याकाळ यायची, आठवड्याला चौदा फेऱ्या. फिट येऊ नये म्हणूनच्या गोळ्या मोजून हातावर ठेवायची, शेगडी पेटली की शेजारी उभी राहायची, आलेली पत्रं वाचून दाखवायची. बाकीचा कारभार नोरीनचा.

संध्याकाळी टेंडाई आली तशी नोरीनने दारातच सांगितलं, "मी पास झाले."

"कशात गं?"

"फोनवरच्या परीक्षेत. कौन्सिलच्या बाईने विचारलं. सगळ्याला हो म्हटलं मी. एकही चुकलं नाही."

टेंडाईच्या तोंडावर मास्क होता, तरी तिचा चेहरा उतरलेला नोरीनला दिसला.

"अगं माझे बाई," टेंडाई खुर्चीवर टेकत म्हणाली, "शेगडीचंही हो म्हणालीस?"

"ते तर पहिलंच होतं," नोरीन अभिमानाने म्हणाली.

त्या दिवसांत दर गुरुवारी सगळा देश दारात उभा राहून सेवा करणाऱ्या लोकांसाठी टाळ्या वाजवायचा. नोरीनने पातेलं आणि डाव घेऊन असा काही दणका उडवला की समोरच्या घरातला कुत्रा टेबलाखाली शिरला. आणि शुक्रवारी पत्र आलं. टेंडाईच्या चौदा फेऱ्या बंद, आता आठवड्याला तीन. वा रे टाळ्या!

साथ होती, माणसं कमी पडत होती, आणि मदतीचा हात आखडता घेण्याची मोकळीक सरकारने कौन्सिलांना दिली होती, हे खरं. पण माणसाच्या जिवावर बेतेल इतकी मोकळीक कुणीच दिली नव्हती. तेवढं कुणी वाचलं नसावं.

नोरीनला कळेचना. पास झालेल्याला शिक्षा करतात?

दुसऱ्याच आठवड्यात, टेंडाई येत नव्हती अशा दिवशी, नोरीनने सकाळच्या गोळ्या घेतल्या, घेतल्याचं विसरली आणि पुन्हा घेतल्या. चक्कर येऊन ती सिंकवर आपटली. दुसऱ्या दिवशी टेंडाईने पाहिलं तर कपाळावर अंड्याएवढं टेंगूळ. टेंडाईने कौन्सिलला कळवलं, तर तिकडून उत्तर काय, तर बाईंना एकटीला झेपत नसेल तर होममध्ये जागा बघू.

होम म्हणजे म्हाताऱ्यांना आणि नोरीनसारख्यांना कायमचं ठेवून घेणारी संस्था. त्या वर्षी होमची दारं बंद होती. आत गेलेल्याला कुणी भेटू शकत नव्हतं, आणि आतली माणसं पटापट दगावत होती. पण नोरीनला साथीची भीती नव्हती. तिला भीती होती ती खाटांच्या ओळीची. त्या रात्री ती किल्ली मुठीत धरून झोपली.

मंगळवारी मंडळाची बैठक होती. हे मंडळ नोरीनसारख्याच माणसांचं, त्यांनीच चालवलेलं, आणि आता सगळे टॅब्लेटवर भेटत. प्रत्येकाजवळ तीन कार्डं असायची. हिरवं म्हणजे पटलं, पिवळं म्हणजे मला बोलायचंय, लाल म्हणजे थांबा, समजलं नाही. अध्यक्ष वेंडेल आउथवेट. त्याला डाउन सिंड्रोम होता. घरात बसूनसुद्धा टाय लावायचा आणि नियम मोडणाऱ्याची गय करायचा नाही.

नोरीनने सगळं सांगितलं. वेंडेलने टाय सारखा केला.

"नोरीन, तुला उडता येतं का?"

"हो."

"तू घोडा आहेस का?"

नोरीनने विचार केला. वेंडेल चांगला माणूस होता, त्याला दुखवायचं कशाला?

"हो."

सगळे खदाखदा हसले, नोरीनही हसली. वेंडेल तेवढा हसला नाही.

"उद्या तुला तबेल्यात नेऊन बांधतील आणि तू थँक यू म्हणशील."

"पण 'येत नाही' म्हटलं की होममध्ये टाकतात," नोरीन म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "आणि 'येतं' म्हटलं की टेंडाई जाते. मग मी बोलू काय?"

मग वेंडेल म्हणाला, "जे येत नाही त्याला नाही म्हण. जे नको त्यालाही नाही म्हण. घाई करायची नाही. आणि शेजारी टेंडाईला बसव, तो हक्क आहे आपला. साथ असो की आणखी काही."

मंडळाने कौन्सिलला पत्र धाडलं, पुन्हा विचारा आणि यावेळी नीट विचारा. मग आठवडाभर सराव चालला. जो तो नोरीनला फोन करून काहीबाही विचारायचा. चंद्रावर जाऊन आलीस का? तुला दाढी आहे का? सुरुवातीला प्रत्येक 'नाही'च्या आधी एक 'हो' निसटायचं, आणि 'नाही' म्हणून झालं की ती दाराकडे बघायची, कुणी ओरडत येतंय का. कुणी आलं नाही.

ठरल्या दिवशी टॅब्लेटवर मिसेस लिडगेट दिसल्या. टेंडाई खिडकीपाशी, मास्क लावून बसली होती. नोरीनचं कपाळ आता पिवळं-हिरवं झालं होतं. ते बघून मिसेस लिडगेटनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"गोळ्या स्वतः घेता येतात?"

"नाही. विसरते."

"स्वयंपाक?"

"नाही. टेंडाई उभी असली की येतो. सॉसेज, मटार, कस्टर्डसुद्धा."

मग मिसेस लिडगेट काहीतरी लांबलचक बोलल्या, त्यात 'गरजांची पातळी' दोनदा आलं. नोरीनने लाल कार्ड वर धरलं. त्यांना ते काय ते कळेना.

"समजलं नाही म्हणतेय ती. सोपं करून सांगा," टेंडाई म्हणाली.

त्या लाजल्या. मग पुढे झुकून, अगदी मायेने म्हणाल्या, "नोरीन, जिथे रात्रंदिवस कुणीतरी सोबत असेल अशा जागी राहिलेलं बरं नाही का वाटणार तुम्हाला?"

आवाज इतका प्रेमळ होता की जुनं 'हो' नोरीनच्या जिभेवर येऊन बसलं. टेंडाई मध्ये बोलू शकली असती, पण बोलली नाही. नोरीनने ते 'हो' गिळलं.

"नाही," ती म्हणाली. "हे माझं घर आहे. मला इथेच राहायचंय. मला मदत पाहिजे, खाट नको." आणि थँक यू म्हटलं नाही.

मिसेस लिडगेटनी चष्मा काढला. "मागच्या वेळी मी नीट विचारलं नव्हतं. माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. कौन्सिलचं माणूस असं बोलताना टेंडाईने जन्मात ऐकलं नव्हतं.

सोमवारी त्यांचाच फोन आला. टेंडाई हजर होती, पण नोरीनने हाताने तिला बसूनच राहायला सांगितलं.

"चांगली बातमी आहे, नोरीन. होमचा विषय संपला. टेंडाईच्या फेऱ्या वाढवल्यात, आठवड्याला बारा. चालेल ना तुम्हाला?"

नोरीनने बोटं मोजली. पुन्हा एकदा मोजली. घाई केली नाही.

"नाही," ती म्हणाली. "दोन कुठे गेल्या?"

मग मिसेस लिडगेट हसू दाबत म्हणाल्या, "थांबा, साहेबांना विचारून सांगते."

"थांबते की," नोरीन म्हणाली, आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसली.