दहा माणसांसमोर विचारलेलं

रघू साळवीला सुरतेची नोकरी चालून आली तेव्हा संप मिटल्याचं कुणी सांगितलं नव्हतं, पण गिरणीचं फाटक आपल्यासाठी पुन्हा उघडत नाही हे लालबागेत सगळ्यांना कळून चुकलं होतं. गावचाच धोंडू तिकडे पॉवरलूमच्या कारखान्यात मास्तर झाला होता. तो मुद्दाम रघूच्या खोलीवर आला. पगार चौदाशे, राहायला तळमजल्यावर खोली, खोलीत नळ.

"नळ आतच?" रघूच्या बायकोनं, शांतानं, एवढंच विचारलं.

चाळीत त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर. पाणी वर चढत नसे. पहाटे पाचला शांता खालून हंडे आणायची आणि दोन वर्षं तिला दम लागत होता. ओझं घेऊन जिना चढायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. रघूनं चार दिवस स्वतः हंडा उचलला. पाचव्या दिवशी जिन्यात कुणीतरी म्हणालं, "काय रघू, वहिनी बाळंतपणाला गेली काय रे?" सगळे हसले, तोही हसला. सहाव्या दिवशी हंडा पुन्हा शांताच्या कमरेवर.

रघूला शिवडीच्या गोदामात वॉचमनची दिवसपाळी मिळत होती. पाचशे रुपये. पण संध्याकाळी गावकऱ्यांचं भजन होतं, रविवारी म्हावरं होतं, खाली उतरलं की दहा जण नावानं हाक मारत होते.

"चौदाशे घेऊन तिकडे काय करू?" तो धोंडूला म्हणाला. "बोलायला माणूस नाही."

त्या दिवशी भजनाची मंडळी खोलीतच बसली होती. त्यातले वडीलधारे तात्या म्हणाले, "वहिनीला विचार की. मागाहून बोल नको लागायला."

रघूला ते पटलं. बायकोला विचारणारे नवरे चाळीत किती होते?

"काय गो, जायचं सुरतेला?"

शांता चहा घेऊन आली होती. दहा पुरुष तिच्याकडे बघत होते. तिनं पदर सारखा केला. "माझं काय. तुम्ही असाल तिथं मी."

"बघ धोंडू," तात्या म्हणाले, "बाई असावी तर अशी."

धोंडूनं चहा संपवला आणि तो गेला. ती जागा इचलकरंजीच्या माणसाला मिळाली.

पुढची तीन वर्षं रघू हे कौतुकानं सांगायचा. पैशाला लाथ मारली, पण सुखानं जगतोय, म्हणायचा. खोटं नव्हतं ते. तो सुखातच होता.

एका पहाटे हंडा घेऊन येताना शांता दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसली, ती उठलीच नाही.

तेरावं झालं. शेजारची कमळाबाई जेवणाचं ताट घेऊन आली. ताट ठेवून ती उभीच राहिली.

"तिला सुरतेला जायचं होतं. ठाऊक होतं तुला?"

"मी विचारलं होतं तिला."

"कुणासमोर? धा बापयांसमोर. गावकऱ्यांत नवऱ्याचा शब्द मोडणारी बायको तू बघितलीस कधी? दुसऱ्या दिवशी नळावर मला म्हणाली, एकटीला विचारलं असतं तर पाय धरले असते."

रघूनं ताट बाजूला सारलं. "मग तू का नाही सांगितलंस मला?"

"सांगून काय झालं असतं? पुन्हा विचारलं असतंस. पुन्हा सगळ्यांसमोर."

संध्याकाळी मंडळी सोबतीला आली. रघूनं कमळाबाईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आपल्याला कुणीतरी शिवी द्यावी, असं त्याला वाटत होतं.

"येडा काय रे तू?" तात्या म्हणाले. "आम्ही सगळे साक्षीला होतो. वहिनी आपल्या तोंडानं बोलली. नव्हती बोलली?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मग सगळे रघूकडे बघत राहिले.

रघूनं ‘नाही’ म्हटलं तर यातले निम्मे उद्यापासून येणार नव्हते. यांच्यासाठीच तर तो राहिला होता.

"होय," रघू म्हणाला. "बोलली होती."

आणि म्हटल्यावर त्याला बरं वाटलं.