मुंगीची वेणी

विज्ञानाच्या बाईंना कुणी विचारलं असतं की तुमच्यातला एखादा दोष सांगा, तर त्या लगेच म्हणाल्या असत्या, "मी ना, फार कामं अंगावर ओढून घेते." म्हणजे दोष सांगतानाही स्वतःचीच पाठ थोपटणार. बाई वाईट नव्हत्या. उलट चांगल्याच होत्या, आणि आपण चांगल्या आहोत हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

मोठ्या सरांनी पालकसभेत सोशल मीडियाविषयी कुणीतरी बोलावं असं म्हटलं, तेव्हा बाकीच्या शिक्षकांनी एकदम वह्यांत डोकी घातली. बाईंनी हात वर केला. त्यासाठी त्या अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षणही घेऊन आल्या. मुलं ऑनलाइन काय करतात, शिक्षकांनी काय ओळखावं, कुठे सावध राहावं, सगळं टिपून आणलं.

"उंटावरून शेळ्या हाकायच्या, तर निदान उंट तरी स्वतःचा हवा," गणिताचे सर चहा ढवळत म्हणाले. "तुमचा मोबाइल तर तुमची लेक चालवते."

बाईंना ते झोंबलं. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःचं अकाउंट उघडलं आणि विद्यार्थी कुठे कुठे फिरतात ते बघत सुटल्या. नाच बघितले, भांडणं बघितली, शिक्षकांच्या नकला बघितल्या. त्यांत त्यांची स्वतःचीही एक होती, आणि दुर्दैवाने ती हुबेहूब होती. असं भटकता भटकता एक दिवस त्यांच्यासमोर एक पेज आलं.

पेजवर रोज सकाळी एकच फोटो पडायचा. एका लहान मुलीचं डोकं, पाठीमागून. कधी तिपेडी, कधी खजुरी, कधी दोन्ही कानांवरून आणलेली सागरवेणी. चेहरा नाही, नाव नाही, पत्ता नाही. पाहणारी माणसंही मूठभरच. पण फोटोच्या कडेला दप्तराचा पट्टा दिसत होता आणि त्या पट्ट्यावर कोटाचं एक मोठं हिरवं बटण शिवलेलं होतं. बाईंनी ते बटण दुसरीच्या वर्गाबाहेर रोज पाहिलं होतं. ते मुंगीचं दप्तर. मुंगी म्हणजे पैलवानची बहीण.

पैलवान नववीत होता. गोळाफेकीत शाळेचा पहिला नंबर त्याचा, आणि प्रयोगशाळेत काचनळी फोडण्यातही त्याचाच. बोलायचा कमी. आई घर सोडून गेली होती. का आणि कुठे, ते शाळेत कुणाला नीट माहीत नव्हतं. वडील लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, सकाळी अंधारातच बाहेर पडायचे. तेव्हा त्या राकट बोटांनी रोज सकाळी ही नाजूक वेणी कोण घालत असणार, हे सांगायला हातच्या काकणाला आरसा कशाला? बाईंचे डोळे भरून आले. खरंच आले, त्यात खोटं काही नव्हतं.

त्यांनी ठरवलं, सभेत सगळे मोबाइलच्या नावाने बोटं मोडणार, आपण एक चांगली गोष्ट दाखवायची. नियम सगळे पाळले. पेजच्या नावावर काळी पट्टी ओढली. दप्तराचा पट्टा कापून टाकला. पैलवानला मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर तो लाजून नाही म्हणाला असता, आणि मग गंमत काय राहिली? शिवाय पेज तर उघडंच होतं, कुणीही बघावं असं. एवढ्यावर न थांबता त्यांनी त्याच्या वडिलांना फोन केला. हा माणूस आजवर एकाही सभेला आला नव्हता.

"या वेळी नक्की या," बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी आनंदाची बातमी आहे."

ते आले. कामावरूनच आले होते, नखांत ग्रीस होतं. दुसऱ्या रांगेत कडेला बसले. बाईंनी शेवटची स्लाइड मुद्दाम त्यांच्याकडे बघत लावली. पडद्यावर भलीमोठी सागरवेणी आली. सभागृहातल्या आया 'अगंबाई' म्हणाल्या.

"हे आपल्याच शाळेतल्या एका मुलाचं काम आहे, बरं का," बाई म्हणाल्या. "नाव मी सांगणार नाही. आणि खाली बघा, कुणीतरी अनोळखी बाई रोज किती मायेनं लिहिते." मग त्यांनी ते वाचून दाखवलं, आवाज मऊ करून, अगदी लाडात. "मान अवघडली नाही ना गं, ठकूताई?"

दुसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा मोठा आवाज झाला. पैलवानचे वडील उठले आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले. बाईंना वाटलं, बापाला गहिवरून आलं. टाळ्या वाजत होत्या. मोठे सर म्हणाले, "बाई, जिंकलंत."

दुसऱ्या दिवशी दोन्ही भावंडं आली नाहीत. त्यानंतर आली, तेव्हा प्रार्थनेच्या रांगेत बाईंनी मुंगीचं हिरवं बटण शोधलं आणि ते सापडल्यावरही त्यांना ती पटकन ओळखू आली नाही. तिचे केस कानाच्या वर कापलेले होते. मान उघडी पडली होती. ती सारखा हात मागे नेत होती आणि हाताला काही लागत नव्हतं.

बाईंनी मधल्या सुट्टीत पैलवानला प्रयोगशाळेत बोलावलं. तो दारातच उभा राहिला.

"बाबांनी कापले," तो म्हणाला. "पेजपण बंद करायला लावलं."

"अरे, पण का? मी तर तुझं कौतुकच केलं ना!"

"हो. चांगलंच बोललात तुम्ही." त्याने टेबलावरची काचनळी उचलली आणि फुटेल म्हणून परत ठेवली. "ते लिहिणारी बाई अनोळखी नव्हती. आई होती ती. बाबा तिच्याशी बोलू देत नाहीत. मुंगीला ठकूताई फक्त आईच म्हणते."

बाई स्टुलावर बसल्या. त्यांना ते वाक्य आपल्या स्वतःच्या आवाजात ऐकू आलं, तसंच, लाडात.

"आईला रोज दिसायची ती," पैलवान म्हणाला. "तेवढंच होतं. जाऊ मी?"

बाईंनी वडिलांना फोन केला. माफी मागायची होती, आणि खरं सांगायचं तर थोडं सुनवायचंही होतं. सुनवायची वेळच आली नाही.

"बाई, आमच्या घरात काय झालं ते तुम्हाला माहीत नाही," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही बोलावलंत, मी आलो. आनंदाची बातमी म्हणालात. माझ्या घरातली गोष्ट चार माणसांत पडद्यावर बघावी लागली मला. आधी एकदा मुलाला विचारलं असतंत, तरी त्यानं नको म्हणून सांगितलं असतं."

करायला गेले काय आणि उलटे झाले पाय, असं म्हणून बाईंना सुटता आलं असतं. पण त्यांनी काय केलं होतं ते त्यांना पक्कं माहीत होतं. दप्तराचा पट्टा त्यांनी कापला होता, कारण तो आपल्याला ओळखू आला तर इतरांनाही येईल, हे कळत होतं. आपल्या मुलीचं डोकं बापाला पट्ट्याशिवाय ओळखू येईल, हेही त्यांना कळत होतंच. त्यांना तर त्याने ओळखायलाच हवं होतं. त्यासाठीच त्याला फोन करून बोलावलं होतं. त्यांना बापाच्या डोळ्यांत पाणी बघायचं होतं, आणि ते आपण आणलं असं गणिताच्या सरांना दाखवायचं होतं.

घरी त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. लेक उशीवर पालथी पडून ऐकत होती, ती उठून बसली.

"पण पेज उघडं होतं गं," बाई म्हणाल्या.

"आई, आपलं दार पण उघडं असतं दिवसभर. म्हणून कुणी स्वयंपाकघरात येऊन फोटो काढतं का?"

एवढी साधी गोष्ट अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात नव्हती. आणि असती तरी बाईंनी ती टिपून घेऊन फळ्यावर लिहिली असती, बस.

पुढच्याच आठवड्यात बाईंच्या अकाउंटवर एक निरोप आला. लिहिणारीचं नाव त्यांनी ओळखलं. वेणीखालच्या ज्या नावावर काळी पट्टी ओढायचं त्यांना सुचलंच नव्हतं, तेच ते.

'नमस्कार. त्या वेण्यांच्या पेजला फॉलो करणाऱ्यांत तुमचंही नाव होतं, म्हणून विचारते. पेज दिसत नाही. मुलं बरी आहेत का, तुम्हाला काही माहीत आहे? राग मानू नका. फक्त एवढं सांगता आलं तर सांगा, आज कोणती वेणी घातली होती?'

बाईंनी लगेच लिहायला घेतलं. मी त्यांची शिक्षिका. सगळी चूक माझी. मला क्षमा करा. लिहिता लिहिता त्यांना रडू आलं आणि रडता रडता थोडं हलकंही वाटू लागलं. ते हलकं वाटणं लक्षात आलं तेव्हा मात्र त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी लिहिलेलं सगळं पुसलं.

सकाळी शाळा भरायच्या आधी त्या मैदानावर गेल्या. पैलवान गोळा घेऊन उभा होता. मुंगी पायरीवर बसून आपल्या मानेवरून हात फिरवत होती. बाईंनी मोबाइल त्याच्यापुढे धरला.

"मी उत्तर दिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "द्यायचं का, ते तू सांग. नको म्हणालास तर नाही देणार. वडिलांना कळू द्यायचं का नाही, तेही तूच ठरव. मी आपणहून काही करणार नाही."

त्याने निरोप वाचला. परत वाचला. मग गोळा खाली ठेवून चड्डीला हात पुसले.

"बाबांना मी सांगेन," तो म्हणाला. "आज. लपवून नाही करायचं आता." मग त्याने मुंगीकडे बघितलं. "लिहा. केस कापलेत म्हणावं. ती बरी आहे."

बाईंनी लिहिलं.

"आणि लिहा, केस वाढतात."

बाईंनी तेही लिहिलं. अक्षरं नीट दिसत नव्हती, तरी लिहिलं. मग त्यांचं बोट थांबलं.

"आणि माझ्यामुळे हे झालं, ते लिहू ना रे? मला तिची माफी मागायचीय."

पैलवानने गोळा उचलून मानेशी लावला.

"हा आमचा निरोप आहे, बाई," तो म्हणाला. "तुमचं तुम्ही नंतर लिहा."