रुवैसच्या वाटेवर

२०१८ सालच्या एका गुरुवारी संध्याकाळी कुंदाने हॉलचे पडदे ओढले आणि अंधारातच कुटुंबस्नेही राजाभाऊंच्या हातात बटाटेवड्यांची बशी दिली. तेव्हा अबुधाबीत सुट्टी शुक्रवारची असे, त्यामुळे गुरुवारची संध्याकाळ सैल असायची. अल रीम आयलंडवरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्या संध्याकाळी सिनेमा लागे. आजचा सिनेमा कुंदाच्या नवऱ्याने, उपेंद्रने निवडला होता.

"युरोपियन आहे. सस्पेन्स. रेटिंग जबरदस्त," तो म्हणाला.

दहा मिनिटांत कुंदाचा हात पदरावर थांबला. पडद्यावर उत्तरेकडचं कुठलंसं थंड बंदर होतं. एक जोडपं बोटीची वाट पाहत होतं. बायको हातमोजे आणायला गाडीकडे गेली आणि परत आलीच नाही.

"अहो, बंद करा ते," कुंदा हलकेच म्हणाली.

"राहू दे, वहिनी," राजाभाऊ म्हणाले. "बघू या."

पाच वर्षांपूर्वी राजाभाऊंची बायको शोभना अशीच गेली होती. दोघं रुवैसला निघाले होते, तिथल्या रिफायनरीत राजाभाऊंची नोकरी होती. वाटेत पेट्रोल भरायला गाडी थांबली. शोभना म्हणाली, "चहा घेऊन येते." पंपामागे एक कॅफेटेरिया होता. तिकडे ती गेली, ती गेलीच.

शोभना आणि कुंदा एकाच वर्षी नवऱ्यांच्या व्हिसावर या देशात आल्या होत्या. बाळंतपणात कुंदाची आई येऊ शकली नाही, तेव्हा लेकीला, दियाला, पहिली अंघोळ शोभनाने घातली होती. दोघींकडे एकमेकींच्या घराची किल्ली असे. शोभना हरवल्यावर कुंदाने शोध सोडला नाही. दर शुक्रवारी ती उपेंद्रला गाडी काढायला लावी आणि त्या पंपावर येणाऱ्या ट्रकवाल्यांना शोभनाचा फोटो दाखवी. पोलिसांकडेही गेली. तिथला अधिकारी दर वेळी अदबीने म्हणे, "मॅडम, स्पॉन्सरला विचारायला सांगा. आम्ही त्यांनाच सांगू शकतो." शोभनाचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर, म्हणजे स्पॉन्सर तोच. आणि राजाभाऊ म्हणत, "विचारलं हो. काही कळलं नाही."

मग कुंदाला शौकतचा संशय आला. शौकत म्हणजे त्या कॅफेटेरियात चहा करणारा, कन्नूरकडचा पोरगेला माणूस. शोभनाला शेवटचं त्याने पाहिलं होतं, आणि दर वेळी तो वेगळं सांगे. कुंदा त्याच्या मालकाशी बोलली, एकदा नाही, अनेकदा. मालकाला भानगड नको होती. त्याने शौकतचा व्हिसा रद्द करून त्याला परत पाठवलं.

सिनेमातला नवराही एका तिकीटवाल्याच्या मागे लागला. त्याच्या दाराशी बसू लागला, त्याच्या बायकोला गाठू लागला. शेवटी एका सकाळी तो तिकीटवालाच समुद्रात नाहीसा झाला. नवरा त्याच्या रिकाम्या खोलीत खुर्चीवर येऊन बसला. तिथेच सिनेमा संपला.

"दॅट्स इट?" दिया म्हणाली. तेव्हा ती कॉलेजात होती. "पण बायको कुठे गेली? दे डोन्ट इव्हन टेल अस!"

उपेंद्रने दिवा लावला. "रेटिंग चांगलं होतं, म्हणून मी..."

"तुम्हाला धड कोथिंबीर निवडता येत नाही, सिनेमा काय निवडणार!" कुंदा म्हणाली. "जा, चहा टाका."

बापलेक स्वयंपाकघरात गेले. राजाभाऊ बाल्कनीत जाऊन उभे राहिले. खाली खाडीचं पाणी काळपट दिसत होतं. कुंदा त्यांच्यामागे गेली.

"वहिनी, त्या शौकतचा काही दोष नव्हता."

"तुम्हाला काय माहीत?"

"शोभा त्याच संध्याकाळी दुबईहून विमानाने गेली. एकटी. पोलिसांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं."

कुंदाने कठडा धरला. लोखंड अजून तापलेलं होतं, तरी तिने हात काढला नाही.

"आणि मी दर शुक्रवारी... तुम्ही बघत राहिलात?"

"हरवली म्हटलं की लोक घरी बोलावतात, वडे खाऊ घालतात. गेली म्हटलं असतं, तर विचारलं असतं, का गेली."

"का गेली?"

राजाभाऊ किंचित हसले. "बघा. विचारलंतच."

आतून दियाने हाक मारली, "आई, शुगर कुठेय?" कुंदाला किल्ली आठवत होती. रुवैसला निघायच्या आदल्या दिवशी शोभना येऊन कुंदाच्या घराची किल्ली परत देऊन गेली होती. "ठेव बाई तुझी तुझ्याकडे, माझ्याकडून हरवायची," असं म्हणाली होती. त्यावर कुंदा म्हणाली होती, "वेंधळी आहेसच." आणि दोघी हसल्या होत्या, शोभना नेहमीसारखी मान मागे टाकून, डोळे मिटून.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. उपेंद्रने सवयीने गाडीची किल्ली उचलली. कुंदा म्हणाली, "आज नको." मग कधीच नको झालं.

राजाभाऊ दोन वर्षांनी निवृत्त होऊन साताऱ्याला गेले आणि तिथेच वारले. बातमी छापताना पुतण्याने पत्नीचं नाव घातलं नाही. कुंदाने शौकतचा ठाव काढायचा फार प्रयत्न केला. पुन्हा आखातात कुणी घेतलं नाही म्हणून तो कुठेतरी बोटीवर काम करतो, एवढंच कॅफेटेरियातल्या त्याच्या भावाने सांगितलं. दिलेला नंबर लागला नाही. कुंदा आणि उपेंद्र आता पुण्याला परतलेत; तिथल्या फ्लॅटमध्ये उपेंद्र एकटाच सिनेमे बघतो, रेटिंग वाचून. दिया दुबईतच नोकरी करते.

गेल्या उन्हाळ्यात ती पुण्याला आली होती. तिच्या मैत्रिणीने कॅनडातल्या एका गावातल्या हळदीकुंकवाचे फोटो पाठवले होते. एका फोटोत कडेला एक पिकल्या केसांची बाई होती. मान मागे टाकून, डोळे मिटून हसत होती.

"आई, लुक. इजंट धिस शोभामावशी? मेसेज करून विचारू?"

कुंदाने फोन हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"नाही गं," ती म्हणाली. "ही कुणी वेगळीच."

तिने फोन परत दिला. पदराने चष्मा पुसला.

"दे बघू," ती म्हणाली, "पुन्हा एकदा."