चार बोटांची हवा

“हलली का?” हातातली इस्त्री न थांबवता ताईनं विचारलं.

मी स्टुलावर उभा राहून छताजवळच्या हवेच्या जाळीला बांधलेल्या चिंधीकडे बघत होतो. चिंधी म्हणजे जुन्या चादरीचा वीतभर काठ. “नाही,” मी म्हणालो.

“मग नवीन काय सांगतोस? बावीस वर्षांपूर्वीच सांगितलं होतं मी.”

हॉस्पिटलच्या धुलाईघरातली ही सगळ्यात शेवटची खोली. अलीकडच्या खोल्यांत यंत्रं धुतात, पिळतात, वाळवतात. इथे सहा बायका इस्त्री करतात, त्यांतली एक माझी थोरली बहीण. वाफेमुळे खोली कायम अर्धवट झोपेत असल्यासारखी वाटते. पांढऱ्या चादरींच्या मधूनच एखादा हात तरंगत येतो, घडी घालतो आणि पुन्हा वाफेत जातो. चिंधी ताईनंच बांधली होती, धुलाईघर सुरू झालं त्या आठवड्यात. रोज सकाळी सगळ्याजणी आधी चिंधीकडे बघायच्या आणि मग इस्त्रीचं बटण दाबायच्या. आता ताईच्या निवृत्तीला दहा दिवस उरले होते.

हवेच्या नळ्यांची मापं काढणं हा माझा धंदा. खिशात पुठ्ठ्याची गोल चकती असते म्हणून ऑफिसात मला चकतीच म्हणतात. गोल नळी सगळीकडे मावत नाही. मध्ये तुळई येते, छत खाली येतं, मग नळी चपटी करावी लागते. ती किती रुंद केली म्हणजे गोल नळीच्या बरोबरीची होईल, हे चकती फिरवली की कळतं. नवशिका नेमका इथे फसतो. त्याला वाटतं, आतली जागा तेवढीच ठेवली की झालं. पण चपट्या नळीत हवेला पत्रा जास्त लागतो. ती घासत घासत जाते आणि दमते. म्हणून चपटी नळी जागेनं थोडी मोठीच हवी. हे मी आजवर कितीतरी पोरापोरींना मोठ्या तोऱ्यात शिकवलं आहे.

गेल्या आठवड्यात धुलाईघराचा पंखा बदलायचा म्हणून जुना नकाशा माझ्या टेबलावर आला. बारा इंची गोल नळी, आणि शेवटच्या खोलीआधी तुळईखाली सहा इंच उंच, एकोणीस इंच रुंद चपटी. मी सहज चकती फिरवली. तिनं बावीस दाखवले. तीनदा फिरवली, तिन्ही वेळा बावीस. नकाशाच्या कोपऱ्यात माझी सही होती. मी एकट्यानं केलेलं ते पहिलं काम.

हवा येत नाही ही ताईची तक्रार मी सुरुवातीलाच उडवून लावली होती. “कागदावर सगळं बरोबर आहे, ताई. तुला आपलं उगाच वाटतं.” दोन-तीन वर्षांनी तिनं सांगणं सोडलं. मला वाटलं, सवय झाली असेल.

“ताई,” मी स्टुलावरूनच म्हणालो, “नळी लहान आहे. चूक माझी आहे.”

तिनं इस्त्री उभी ठेवली. “कितीनं लहान?”

“तीन इंचांनी. रुंदीत.”

तिनं चार बोटं जुळवली आणि निरखून पाहिली. “एवढं?”

“एवढंच.”

तिनं इस्त्री उचलून एक अख्खी चादर पुरी केली. मग म्हणाली, “आणि मी सांगत होते तेव्हा?”

“तेव्हा ऐकलं नाही.”

“हं. ते काही तीन इंचांत मावत नाही.” घडी बाजूला ठेवत ती म्हणाली, “उतर आता. वरच्या फळीवरच्या उश्या काढायच्यात.”

लहानपणी आई कामावर गेली की उन्हाळ्याच्या दुपारी ताई मला पुठ्ठ्यानं वारा घालायची. ती अकराची, मी चारचा. तिला स्वतःला डुलकी लागायची, तरी हात हलत राहायचा. ते आठवलं आणि मला स्वतःची फार लाज वाटली.

ऑफिसात साहेब म्हणाले, “पंखा बदलतोच आहोत. थोडा मोठा घेऊ, चूक झाकून जाईल.”

“अलीकडच्या खोल्यांत वादळ सुटेल आणि पंखा दिवसभर बोंबलेल, साहेब. नळीच बदलायला हवी.”

“मग कारण काय लिहू?”

“माझं नाव लिहा.”

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

पत्र्याचं काम करणारे मिस्त्री माझ्याइतकेच जुने. म्हणाले, “चकती, बावीस वर्षं झोपला होतास आणि आता दहा दिवसांत पाहिजे?” मी म्हटलं, होय, झोपलोच होतो. त्यांनी माप लिहून घेतलं. नवव्या दिवशी त्यांनी पत्रा वाकवला आणि दहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नवी नळी तुळईखाली बसवली.

पंखा सुरू झाला. चिंधी आधी थरथरली, मग उचलली गेली आणि सरळ आडवी तरंगत राहिली. खोलीतली वाफ हळूहळू सरकू लागली. समोरची भिंत पिवळी आहे हे मला त्या दिवशी कळलं. बायकांचे हात थांबले. सगळ्या ताईकडे बघत होत्या.

मला वाटलं ती रागावेल, किंवा निदान टोमणा तरी मारेल. तिनं स्टूल ओढून जाळीखाली ठेवलं. “पाच मिनिटं बसते,” म्हणाली आणि डोळे मिटले. कपाळावरचे पांढरे केस उडत होते. जरा वेळानं मान कलली, श्वास संथ झाला. मांडीवरचा उजवा हात मात्र हळूहळू इकडून तिकडे हलत होता. इस्त्री करत होती की वारा घालत होती, मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी काम सुटल्याची शिट्टी झाली. पाचही जणींनी आपापल्या इस्त्र्या आवाज न करता उभ्या ठेवल्या, आणि तिला कोणी उठवलं नाही.