आग्नेसचं पाणी

मे १९८७. धुळ्यातल्या एका खासगी प्रसूतिगृहात सिसिलिया टीचरला सातव्या महिन्यातच जुळ्या मुली झाल्या. भर दुपार होती आणि वीज गेलेली. खिडक्यांवर वाळ्याचे ओले पडदे सोडल्यामुळे खोलीत हिरवट अंधार होता. टीचरचा रक्तस्राव थांबत नव्हता. डॉक्टरबाई आणि नर्स तिच्यापाशी अडकल्या होत्या. मुलींपाशी उरली होती फक्त आया, द्रौपदाबाई.

दोघी एकाच टेबलावर, एकाच दुपट्यात होत्या. धड रडतही नव्हत्या.

टीचरचा नवरा फादरना आणायला गेला होता, पण फादर शिरपूरकडच्या पाड्यांवर होते.

"द्रौपदाबाई, तुम्हीच द्या," टीचर म्हणाली.

"काय देऊ, टीचर?"

"स्नानसंस्कार. बाळ जाईल अशी भीती असली तर कोणीही देऊ शकतं. ख्रिस्ती नसलेलं माणूससुद्धा. डोक्यावर पाणी घाला आणि मी सांगते तसं म्हणा. एकीचं नाव आग्नेस, दुसरीचं क्लारा."

द्रौपदाबाईने वाटीत पाणी घेतलं. एकीच्या टाळूवर धार धरली. "आग्नेस, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने स्नान देते." बाळाने डोळे उघडले. तेवढ्यात डॉक्टरबाई ओरडल्या, "बाई, कापूस! कुठं लक्ष आहे तुमचं?"

कापूस देऊन ती परतली, तोवर नर्सने दोघींना उचलून ओल्या फडक्याने पुसलं होतं आणि पुन्हा टेबलावर ठेवलं होतं. दोन्ही टाळू ओल्या दिसत होत्या. आग्नेस कुठली, ते द्रौपदाबाईला कळेना. विचारायचं कुणाला? तिने उजवीकडच्या बाळावर पाणी घातलं आणि "क्लारा" म्हटलं.

थोड्याच वेळात डावीकडचं बाळ गेलं.

"दोघींना मिळालं ना?" टीचरने विचारलं.

"मिळालं."

"गेली ती कोण?"

द्रौपदाबाई म्हणाली, "आग्नेस."

ख्रिस्ती दफनभूमीत लहानसा खड्डा खणला गेला आणि पत्र्याच्या क्रूसावर पांढऱ्या रंगात हे नाव लिहिलं गेलं.

बाळंतिणींच्या घरी जाऊन बाळांना न्हाऊ घालणं हे द्रौपदाबाईचं दुसरं काम. त्या उन्हाळ्यानंतर तिला एक गोष्ट जाणवू लागली. डोक्यावर पाणी पडलं की बाळ कळवळून रडतं, हा रोजचा अनुभव. आता तिच्या हातून पाणी पडलं की बाळ क्षणभर गप्प व्हायचं. डोळे उघडायचं आणि तिच्याकडे बघायचं, पुढच्या शब्दाची वाट बघत असल्यासारखं. मग रडायचं. तिने डोक्यावर पाणी घालणं सोडलं. डोकं ओल्या हाताने पुसू लागली. बायका कुरकुरल्या, "द्रौपदाबाई, आंघोळ घालताय की फरशी पुसताय?"

क्लारा जगली. रस्त्यात भेटली की टीचर कौतुकाने थांबवायची आणि मग तक्रारही करायची. "कान तपासले हिचे, चांगले आहेत. पण क्लारा म्हटलं की बघतच नाही. कधी बघितलंच तर मागे वळून बघते. जसं काही मी तिच्यामागच्या कुणाला बोलावलंय."

द्रौपदाबाईला हसता आलं नाही.

प्रसूतिगृहात वाळ्याचे पडदे दर उन्हाळ्यात लागत. त्यांचा वास आला की ती पुन्हा त्या टेबलापाशी असायची. तिथे एक बाळ बिननावाचं पडलेलं असायचं. कधी ते डावीकडचं असायचं, कधी उजवीकडचं.

दोन नोव्हेंबरला ख्रिस्ती लोक मृतांसाठी मेणबत्त्या लावतात. १९९१ साली त्या दिवशी ती संध्याकाळ व्हायच्या आत दफनभूमीत गेली. लोक निघून गेल्यावर फादर इग्नेशियस फाटक लावायला आले, तेव्हा ती पत्र्याच्या क्रूसापाशी बसली होती. तिने त्यांना सगळं सांगितलं.

फादर तिच्यापाशी खाली बसले. मग म्हणाले, "म्हणजे एकीला दोनदा मिळालं असेल आणि एकीला मुळीच नाही."

"हो. जिला नाही मिळालं ती कुठं असेल?"

"देवाच्या हाती. देव पाण्याने बांधलेला नाही, द्रौपदाबाई. जी जिवंत आहे तिच्यासाठी मात्र एक प्रार्थना आहे. संशय असला की आम्ही ती वापरतो. पण आधी तुम्हाला आईला सांगावं लागेल."

"फादर, जे माझ्यापाशी नव्हतं ते मी दिलंच कसं?"

"ते तुमचं नव्हतंच. तुम्ही फक्त हात होतात."

"मग हाताला अजून ओल का लागते?"

ती टीचरच्या घरी गेली आणि तिलाही सगळं सांगितलं.

टीचरने ऐकून घेतलं. हातातलं विणकाम तिने बाजूला ठेवलं. "चार वर्षं," ती म्हणाली, "चार वर्षं मी त्या क्रूसापाशी नाव घेऊन बोलतेय. कुणाशी बोलत होते मी?" मग उठून तिने दार उघडलं आणि द्रौपदाबाई बाहेर जाईपर्यंत ते धरून ठेवलं.

तरी पुढच्या रविवारी तिने निरोप धाडला. चर्चमध्ये चौघेच मोठे होते आणि मध्ये क्लारा. फादर पाणी ओतताना म्हणाले, "क्लारा, जर तुझा स्नानसंस्कार झालेला नसेल, तर मी तुला..." तो 'जर' द्रौपदाबाईच्या कानात राहिला. जिवंत मुलीसाठी निदान 'जर' तरी होता.

त्यानंतर ती दर रविवारी मागच्या बाकावर बसू लागली. आधी भीतीने येत होती. मग प्रार्थना पाठ झाल्या, आणि कधीतरी लक्षात आलं, की आता आपण त्या बाळासाठी एकट्या मागत नाही. समोरही कुणीतरी ऐकतंय. आयुष्यात प्रथमच तिने स्वतःसाठी पाणी मागितलं.

तिचा भाऊ भाईदास पारोळ्याहून तावातावाने आला. "अक्का, तुले काय व्हयनं शे? छप्पन साली बापनी धम्म लिधा. आते तू सोडी देशी?"

"बापनी बठ्ठा घरकरता लिधा," ती म्हणाली. "हाई मनं एकलीनं काम शे."

"लोकं काय म्हनतीन?"

"लोकंसले सांग, अक्काना हातनं एक पोर पानीबिगर गयं."

भाईदास चहा न घेता गेला. पण जाताना त्याने तिच्या दारातली बादली भरून ठेवली.

ख्रिस्ती नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ती टीचरकडे गेली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "टीचर, ते नाव मला द्याल? एका तरी आग्नेसला पाणी नक्की मिळालं, असं होईल."

"घ्या," टीचर म्हणाली. "पण हाक मारली की ओ द्यायची. एक मुलगी ओ देत नाही, दुसरी देऊ शकत नाही. मला आता कुणीतरी ओ देणारं हवं."

१९९३च्या ईस्टरला द्रौपदाबाईला स्नानसंस्कार मिळाला. टाळूवर पाणी पडलं तेव्हा तिने डोळे उघडले आणि पुढच्या शब्दाची वाट बघितली. तिच्या नावाआधी 'जर' आला नाही.

सकाळच्या प्रार्थनेनंतर लोक अंगणात उभे होते. टीचर फाटकापाशी होती. तिने पहिल्यांदाच, जरा अडखळत, हाक मारली, "आग्नेस!"

द्रौपदाबाईला नावाची सवय नव्हती. तिचं तोंड उघडायच्या आत चर्चच्या पायरीवरून जेमतेम सहा वर्षांच्या मुलीचा स्वच्छ आवाज आला.

"ओ!"

क्लारा आईकडे सरळ बघत होती. या वेळी ती मागे वळली नव्हती.

टीचरचा हात फाटकावरच राहिला. तिने द्रौपदाबाईकडे बघितलं. वचन दिलेलं होतं, म्हणून द्रौपदाबाईनेही हळू आवाजात ओ दिली.