हिरवा चुडा आणि मागचा बाक

मी शिक्षेचा बाक बोलतोय. घाबरू नका, शिक्षा मला झालेली नाही. माझ्यावर बसणाऱ्यांना होते.

मी लोंढ्याच्या रानातला साग. निपाणीजवळच्या या खेड्यात मिशनच्या देवळासाठी बारा बाक झाले. अकरा पुढे लागले, मी मागे दाराशी. मंडळीतलं कुणी पापात सापडलं की चार रविवार माझ्यावर बसायचं, प्रभुभोजनाची भाकर मिळायची नाही. न सापडलेले पुढे बसत.

पाळकसाहेब सांगत, "पाप म्हणजे देवावरचा भरवसा काढून दुसऱ्या कशावर ठेवणं. ते हातात नसतं, मनात असतं." मंडळी माना डोलवी. पंच मारुतीरावांना मात्र मनापेक्षा हात तपासणं सोपं जाई.

अशातच रवळूची नवी नवरी शालू आली. कमी बोलणारी पोर. मनगटात आजीनं भरलेला हिरवा चुडा. आजी लग्नानंतर पंधरा दिवसांत गेली.

पहिल्याच प्रभुभोजनाला मारुतीरावांनी तिला माझ्यावर बसवलं. "नवऱ्याचं आयुष्य देवाच्या हातात असतंय, काचंच्या न्हाय. चुडा काढ, तरच भाकर."

"म्या कवाच सांगितलं हुतं तिला," सासू जयाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आमी न्हाय मानत असलं."

शालूनं ओढून पाहिलं. चुडा गच्च बसलेला.

"मग..." मारुतीराव अडखळले. "मग वाढव."

'फोड' हा शब्द काही त्यांच्या तोंडातून बाहेर पडेना. मला हसू आलं, पण लाकूड पडलो, नुसता करकरलो.

शालू पाळकसाहेबांकडे वळून हळूच म्हणाली, "साहेब, ही आजीची आठवण हाय. भरवसा न्हाय ह्याच्यावर माझा. मंडळीचा बी नसंल तर आत्ता फोडते." डोळे भरले होते, तरी तिनं मनगट माझ्या कडेवर उगारलं.

पुढच्या बाकावर रवळूनं उगाच छातीवर हात ठेवला.

हात खाली येणार तोच जयाबाईनं धावत येऊन मनगट धरलं. "अगं ए, माझा लेक जिता हाय."

"काचंत काय नसतंय न्हवं, आत्ती?"

"काय न्हाय गं. पर कशाला उगाच."

पाळकसाहेब म्हणाले, "जयाबाई, आता तुम्ही बसा इथं. आणि मारुतीराव, 'फोड' म्हणून दाखवा बघू."

मारुतीराव येऊन जयाबाईशेजारी टेकले. शालूला त्या दिवशी चुड्यासकट भाकर मिळाली.

या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. ती शिक्षा बंद पडली. आता मी व्हरांड्यात असतो, लोक माझ्यावर ओल्या छत्र्या टाकतात. टाकू नका, बसत जा. शालूचा चुडा भांडी घासता घासता एकेक करून वाढला. रवळू खोकतो, पण ठणठणीत आहे.

बघा, मीसुद्धा 'वाढला'च म्हणालो. सरका जरा, आज मलाच माझ्यावर बसायला हवं.