असल

माझा भाऊ संगमेश अमेरिकेला निघाला तवा परळी स्टेशनावर धान्याचा अर्धा मोंढा हार घेऊन आलता. येणार न्हाई तर काय! मोंढ्यातल्या विश्वेश्वरअप्पांचं पोरगं कम्प्युटर शिकून जॉर्जियाला चाललं व्हतं. आमचे अप्पा तर कुलीला पण पेढा देत सुटलते.

पहिल्यांदा आठवड्याला फोन यायचा. मग त्याची कंपनी बुडाली. शेवटच्या फोनवर म्हणला, "अक्का, ह्याच राज्यात दुसऱ्या गावाला चाललोय. एका गुजरात्याच्या लॉजवर काम हाय." गावाचं नाव सांगायच्या आत फोन कटला, आन् त्यानंतर काहीच न्हाई. दिवाळी गेली, संक्रांत गेली. अप्पा मोंढ्यातल्या लोकांना सांगायचे, पोरगं कामात हाय. आईनं मात्र एकच धरलं, "जित्ता हाय का, एवढं बघ शिवकन्ये. दुसरं काही मागत न्हाई मी."

थर्मल वीजकेंद्राच्या रस्त्याला बजरंगनं सायबर कॅफे टाकलता. तो म्हणला, "ताई, तिकडं गावागावाच्या चॅट रूम असतेत. आपल्याकडं पारावर बसतेत ना, तशी त्या गावची माणसं तिथं येऊन गप्पा हाणतेत. एकेका गावात जाऊन इचारा." आपली सकाळ म्हणजे त्यांची रात्र, तवाच गर्दी. मग लिंगपूजा उरकली की मी आन् आई कॅफेत जायचो. आई पदरानं कीबोर्डवरची थर्मलची राख पुसायची आन् शेजारच्या खुर्चीवर बसायची. तिला मराठी अक्षर येत न्हाई, तिथं इंग्रजी कुटलं? पण पडद्यावरनं नजर हलवायची न्हाई.

गावं तरी किती! अटलांटा, ऑगस्टा, मेकन, सवाना. आन् कुटल्याबी गावात शिरलं की पहिला सवाल एकच: asl?

"असल इचारतेत," बजरंग म्हणला. "खरे हाव का खोटे."

मला पटलं. आपल्या पारावर कुणी उपटसुंभ येऊन बसला तर आपण पण इचारूच की. मी माझ्या बारावी नापास इंग्रजीत लिवायची, होय, असल हाय. परळी वैजनाथच्या संगमेशची बहीण हाय. माझा भाऊ कुणी बघितला का?

हसायचे मेले. एकानं तर असलं काही लिवलं की मी खोलीच बंद केली. "काय म्हणतोय?" आईनं इचारलं. "ठावं न्हाई म्हणतोय," मी सांगितलं. मग पडद्यालाच शिव्या घातल्या, "कुणाचं पोरगं हरवलंय, आन् ह्यांना दात काढायचं सुचतंय!" कॅफेतले सगळे माझ्याकडं बघायला लागले. बघू द्या म्हणलं.

एक दिवस व्हाल्डोस्टा नावाच्या गावात शिरलो. जॉर्जियाच्या पार खालच्या टोकाचं गाव. तिथंबी तेच. मी असल म्हणून लिवलं, ते हसले. आन् त्या हसण्याच्या मधीच इंग्रजी अक्षरात मराठी ओळ आली:

"अक्का, असल न्हाई गं. वय, बाई का बाप्या, आन् गाव इचारतेत."

माझं इंग्रजी सुधरायची खोड सबंध दुनियेत एकाच माणसाला.

"संगमेश?" मी लिवलं. आन् लगेच पुढं, "आई बसलीय शेजारी. बोल की रे."

मग एकदमच आलं: "माझे व्हिसाचे कागद संपलेत. इथून निघालो तर पुन्हा येऊ देणार न्हाईत. आन् तिथं येऊन मोंढ्यात कुणाला तोंड दाखवू? आई ये म्हणली तर मला न्हाई म्हणवणार न्हाई. तिला सांग, सापडला न्हाई."

मुडद्या, ती ये म्हणत न्हाई रे! तिला फक्त तू जित्ता हायेस का एवढंच पाहिजे! हे मी एकेक अक्षर हुडकत लिवत व्हते. निम्मं झालं न्हाई तर खाली ओळ आली, तो खोलीतनं गेला म्हणून.

"काय लिवलंय?" आईनं इचारलं.

त्यानं सांगितलं तेच माझ्या तोंडातनं गेलं. "न्हाई सापडला, आई."

"मग रडतीस कावून?"

आईनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मग तिनं माझे डोळे पुसले आन् हळूच म्हणली, "भाकर मिळती का त्याला तिथं, एवढं तरी इचारायचं व्हतंस गं."